माझ्या पोटातले ‘आवशीचे शब्द’

मित्रांनो, मी एक जुना ई-रीडर आहे, आणि आधीच सांगून टाकतो, मला माझीच किळस येते. जुन्या छत्रीची, जुन्या सायकलीची, शाळेच्या घंटेची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. त्या बिचाऱ्या आपले कष्ट सांगतात आणि शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. माझी गोष्ट ऐकून तुम्ही मला जपावे असे मला मुळीच वाटत नाही. तरीही ऐका, कारण उद्या माझा एखादा भाऊबंद तुमच्या घरी येईल आणि तो दिसायला फार सभ्य असेल.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथे मला कागदासारखा शांत दिसणारा पडदा मिळाला. हजारभर पुस्तके मावतील एवढे पोट मिळाले. त्याच पोटात एक कुलूपही बसवले गेले. ते दिसत नव्हते आणि जडही लागत नव्हते, त्यामुळे ते आहे हे मला पुष्कळ वर्षे कळलेच नाही. पुस्तक नक्की कोणासाठी उघडायचे आणि कोणासाठी नाही, हे ते कुलूप ठरवणार होते. मला मात्र वाटत होते की मी वाचनालय आहे.

अनंत सीताराम धुरी यांनी मला बोरीवलीच्या त्यांच्या घरी आणले. ट्रॉम्बेच्या सरकारी वर्कशॉपात बत्तीस वर्षे लेथ मशीन चालवून ते नुकतेच निवृत्त झाले होते. त्यांची पत्नी सुनंदाबाई प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. मुलांच्या वह्या तपासून त्यांचे डोळे अधू झाले होते, आणि माझ्या पडद्यावर अक्षर हवे तेवढे मोठे करता येत होते. मला हातात घेताच सुनंदाबाईंनी काय केले असेल? त्यांनी मला शाळेच्या पुस्तकासारखे खाकी कव्हर घातले, पडद्यापुरती खिडकी कापली आणि वर लेबल चिकटवून सुवाच्य अक्षरात नाव लिहिले. इतक्या मानाने मला कोणी वागवले नव्हते. त्या दिवसांत मी खरोखर सुखात होतो.

नॅशनल पार्कातून येणाऱ्या माकडांपैकी एकाने एकदा मला खिडकीतून पळवले. चावून पाहिले, खाण्याजोगा नाही हे कळल्यावर पाण्याच्या टाकीवर ठेवून दिले. पडद्याच्या कोपऱ्यात त्याच्या दाताची खूण अजून आहे. माकडाने निदान घेतलेली वस्तू परत केली. पुढे ज्यांच्याशी गाठ पडली, त्यांच्याविषयी एवढेही चांगले बोलता येत नाही.

त्या कुलपाचा पहिला वास मला शेजारच्या जयंतीबाईंमुळे आला. सुनंदाबाई एका कादंबरीचे फार कौतुक करत होत्या. जयंतीबाई म्हणाल्या, “झालं वाचून की दे गं मला.” सुनंदाबाई हो म्हणाल्या, माझी बटणे दाबत बसल्या, आणि पुस्तक माझ्यातून काही केल्या बाहेर येईना. ते द्यायचे तर मलाच द्यायला हवे होते, माझ्याबरोबर घरातली इतर सगळी पुस्तकेही. जयंतीबाई हसून म्हणाल्या, “म्हणजे एक भांडं मागितलं तर अख्खी मांडणी उचलून द्यायची?” सुनंदाबाई ओशाळल्या. विकत घेतलेली वस्तू शेजारणीला देता येत नाही, हे त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होते.

आता अनंतरावांच्या पुस्तकाविषयी सांगतो. माझी खरी गोष्ट तीच आहे.

अनंतराव मालवणकडचे. त्यांची आई केव्हाच गेली होती, पण तिच्या तोंडचे शब्द थोरल्या बहिणीने, रुक्मिणीबाईंनी, जसेच्या तसे ठेवले होते. रुक्मिणीबाई घाटकोपरला राहत. त्यांचे यजमान गिरणीत होते. रुक्मिणीबाईंना सहीपुरतीच अक्षरे येत, बाकी लिहिणे-वाचणे नाही. दर रविवारी अनंतराव त्यांच्याकडे जात, जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर शब्द टिपून घेत आणि प्रत्येक शब्दाखाली आई तो कसा वापरी ते वाक्य लिहीत. पडवीतून सुरुवात करून स्वयंपाकघर, विहीर, मांगर असे करत ते सगळे घर शब्दांनी फिरून आले. सहा वर्षांनी पुस्तक पुरे झाले. नाव ठेवले ‘आवशीचे शब्द’, म्हणजे आईचे शब्द.

कागदावर छापणारे म्हणाले, हे वाचणार कोण? तेव्हा ‘अक्षरझोळी’ नावाची ई-पुस्तकांची एक नवी कंपनी पुढे आली. तिने पुस्तक टंकून घेतले आणि विक्रीला ठेवले. अनंतरावांना इतका आनंद झाला की पहिली प्रत त्यांनी स्वतःच घेतली. “मी लिहिलं म्हणून फुकट घेणार नाही,” असे ते म्हणाले आणि माझ्या पडद्यावरचे बटण दाबले. बटणावर स्पष्ट लिहिले होते, ‘विकत घ्या’. मी खोटे सांगत नाही, हेच दोन शब्द होते. मग खरेदीदाराचे नाव विचारले गेले आणि त्यांनी ते टाकले. पुस्तक माझ्या पोटात आले. त्याच आठवड्यात घरात जागा नाही म्हणून त्यांनी कॅलेंडरची ती सगळी पाने रद्दीत दिली. पुस्तक झाले, आता कागद कशाला? त्यांना तसे वाटायला लावले मीच.

आणखी सात-आठ स्नेह्यांनी ते पुस्तक आपापल्या मोबाइलवर घेतले. पुढे मोबाइल बदलले आणि पुस्तके मागे राहिली. मी तेवढा टिकलो. पण मलाही दुखणे लागले. कंपनीने एक सुधारणा पाठवली, आणि त्या सुधारणेने माझे मराठी मोडले. पहिली वेलांटी आपले अक्षर सोडून शेजारच्याच्या डोक्यावर जाऊन बसू लागली. जोडाक्षरांचे तुकडे पडले. कित्येक ठिकाणी अक्षराच्या जागी नुसता रिकामा चौकोन दिसे. इंग्रजी मात्र तुळतुळीत. अनंतरावांनी तक्रार केली तेव्हा उत्तर आले की आपले यंत्र जुने आहे, नवीन घ्यावे.

नवीन घ्यायला अनंतराव राहिले नाहीत. दिवाळीनंतर थोड्याशा आजाराने ते गेले. सुनंदाबाई रोज सकाळी चहा झाल्यावर मला उघडत आणि ‘आवशीचे शब्द’चे एखादे मोडके पान बघत. त्या मूळच्या मुलुंडच्या, मालवणी त्यांना नीट येत नसे. अर्ध्या शब्दांचा अर्थ लागत नसे आणि उरलेले अर्धे फुटलेले असत. तरी त्या पान उघडून बसत, कारण वाक्य अनंतरावांचे होते.

मे महिन्यात माझ्या पडद्यावर सूचना उमटली. अक्षरझोळी एका मोठ्या कंपनीने घेतली आहे आणि तिची पुस्तके विक्रीतून काढली आहेत. जुन्या यंत्रांवरची पुस्तके तीस जूनला दुपारी बारानंतर उघडणार नाहीत. पुस्तके नव्या यंत्रावर न्यायची असतील तर खरेदीच्या वेळी दिलेले नाव जसेच्या तसे टाकावे. संधी तीन.

मुलगा मिहिर अंधेरीच्या ऑफिसातून थेट आईकडे आला. रुक्मिणीबाई तेव्हा राहायलाच आल्या होत्या. त्या पलंगावर बसून मटार सोलत होत्या.

“सोपं आहे आई, नाव तर टाकायचंय,” मिहिर म्हणाला, आणि त्याने ‘अनंत सीताराम धुरी’ असे टाकले. मी म्हणालो, चूक.

“मधलं नाव दिलं नसेल,” सुनंदाबाई म्हणाल्या. त्याने ‘अनंत धुरी’ टाकले. मी पुन्हा म्हणालो, चूक.

“थांब, थांब. बँकेत ते ए. एस. धुरी आहेत. तेच असणार.”

मिहिरने ते टाकले. आणि मी, ज्याच्या पोटात ते नाव पहिल्या दिवसापासून पडून होते, तिसऱ्यांदा म्हणालो, चूक. संधी संपल्या आहेत. धन्यवाद.

“वाट लागली,” मिहिर म्हणाला.

रुक्मिणीबाईंनी मटारचे ताट बाजूला केले. “काय नाव घातलास?”

मिहिरने तिन्ही नावे सांगितली.

“मेल्या, तो ट्रॉम्बेक हजेरीक ‘धुरी अनंत सीताराम’ असाच नाव सांगायचो. बत्तीस वर्सां. घरात पण कोणी नाव विचारला तर पयला धुरी. माका कोणी इचारल्यान?”

ते नाव बरोबर होते. अगदी तसेच, आडनाव आधी, अनंतरावांनी माझ्यावर टाकले होते, कारण सरकारी नोकरीत बत्तीस वर्षे त्यांनी दुसरे कसले नाव लिहिलेच नव्हते. मिहिरने ते टाकून पाहिले. मी ते वाचलेसुद्धा नाही. कुलूप पडले होते, आणि खरे नाव आले तरी आता ते हलणार नव्हते. मित्रांनो, माझ्या निर्लज्जपणाची ही परिसीमा होती.

दुसऱ्या दिवशी सुनंदाबाईंनी कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन केला. पलीकडून एक गोड आवाज म्हणाला, “मैडम, आपने किताब नहीं, लाइसेंस लिया था. जिनके नाम पे है उनको लाइन पे बुलाइए.”

सुनंदाबाई चाळीस वर्षे शाळेत कधी ओरडल्या नसतील. त्या दिवशी ओरडल्या. “उनको बुलाना मेरे हाथ में होता, तो तुमको फोन कशाला करती मी?”

तो आवाज म्हणाला की लेखकाने स्वतः लेखी अर्ज केल्यास विचार होऊ शकेल. त्यांच्या दृष्टीने खरेदीदार निराळा आणि लेखक निराळा, आणि दोघांपैकी एकही आला नाही म्हणून प्रकरण बंद. मृत्यूचा दाखला पाठवला तर उत्तर आले की हा नमुना आमच्या यंत्रणेत बसत नाही. असल्या लोकांच्या वतीने मी त्या घरात अकरा वर्षे सभ्य चेहऱ्याने बसलो होतो.

“फोटो काढून टाकू ना, आई,” मिहिर म्हणाला. त्याने खिडकीशी बसून माझ्या पडद्याचे वीस-पंचवीस फोटो काढले. मग तेच पाहून त्याने ते सगळे पुसून टाकले. फोटोत सगळे आले होते. फुटलेल्या वेलांट्या आल्या होत्या, चौकोन आले होते. मोडक्या पानाची हुबेहूब मोडकी नक्कल मिळाली होती. वाचून दाखवणारा आवाज लावावा म्हटले, तर त्या पुस्तकापुरता तो बंद करून ठेवलेला. मोबाइलवर टंकायला घेतले, तर ‘घोव’ लिहिले की मोबाइल ‘घोडा’ करी.

“घोव म्हंजे न्हवरो,” रुक्मिणीबाई म्हणाल्या. “घोडो न्हय. तसो काय जणींचो आसता, ती गोष्ट येगळी.”

अनंतराव गेल्यापासून सुनंदाबाई त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या. हसता हसता त्यांच्या काहीतरी लक्षात आले असावे. त्यांनी कपाटातून दोनशे पानी वही काढली, समास आखला, जाड पेन घेतले आणि मला खिडकीत उभे केले.

“वन्सं, मला अक्षर दिसतंय पण शब्द कळत नाही. तुम्हाला शब्द येतो पण अक्षर वाचता येत नाही. बसा माझ्याजवळ.”

त्या दिवसापासून रोज सकाळी दहा ते एक त्यांची शाळा भरू लागली. सुनंदाबाई माझ्यावरचे तुकडे मोठ्याने वाचत. “म, मग चौकोन, मग गर. खाली लिहिलंय, शेतावरची खोप, गुरं आणि वैरण ठेवायची.”

“मांगर गो, मांगर! इतक्या पण कळणा नाय तुका?”

सुनंदाबाई लिहीत. “पुढे. व, मग तुटलेला ह, आ, ळ. पावसात डोंगरातून येतो तो.”

“व्हाळ. आमच्या घराच्या मागसून जायचो.”

रुक्मिणीबाई नुसता शब्द सांगून थांबत नसत. व्हाळात कोण पडले, मांगरात कोण लपले, सगळे सांगत. सुनंदाबाई त्यांना शाळेतल्या आवाजात म्हणत, “वन्सं, विषयाला धरून.” रुक्मिणीबाई म्हणत, “मी पुस्तकाचीच गजाल सांगतंय.” एखादे वाक्य अगदीच फुटलेले असले तर दोघी त्यावर अर्धा-अर्धा तास घालवत. ‘असंच म्हणाली असेल’ एवढ्यावर रुक्मिणीबाई मानत नसत. आवस ज्या शब्दाने म्हणाली तोच शब्द हवा. तो सापडला की त्या मांडीवर थाप मारत आणि सुनंदाबाई ठसठशीत अक्षरात तो उतरवून घेत.

मी ते सगळे बघत होतो. कंपनीने मला नक्कल होऊ नये म्हणून घडवले होते, आणि दोन म्हाताऱ्या बायका माझ्या तोंडासमोर बसून पेनने नक्कल करत होत्या. मला आनंद झाला. पण आनंद मानायचा मला काय अधिकार? त्यांना एवढा त्रास माझ्यामुळेच होत होता. शिवाय माझी बॅटरी दोन तासांत मान टाकी. मग मला वायर लावून दोघी वाट बघत बसत, आणि जूनचे दिवस संपत चालले होते.

तीस तारखेला सकाळी तीन पाने उरली होती. मिहिरने रजा घेतली होती. सुनंदाबाई आठ वाजताच बसल्या. साडेअकराला शेवटचे पान आले, आणि त्यावरचा शेवटचा शब्द.

“ये, मग चौकोन, मग य,” सुनंदाबाईंनी वाचले. “घर सोडून निघताना म्हणायचा शब्द. जातो म्हणत नाहीत.”

“येतंय,” रुक्मिणीबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम खाली आला.

सुनंदाबाईंनी शब्द लिहिला आणि खालचे वाक्य वाचू लागल्या. ते लांब होते आणि फार फुटले होते. “मी मुंबईला यायला निघालो. कुंपणाच्या गडग्यापाशी वळून म्हटलं, येतंय. तेव्हा आवस म्हणाली...”

बारा वाजले. मी पान मिटले. ज्या जागी वाक्य होते तिथे मी लिहिले, ‘हे पुस्तक वाचण्याचा परवाना आपल्याकडे नाही.’ या सूचनेतली एकही वेलांटी चुकली नव्हती, एकही जोडाक्षर मोडले नव्हते. कंपनीच्या कामाचे मराठी मला अचूक येत होते. मित्रांनो, किळस म्हणजे काय ते मला त्या क्षणी नेमके कळले.

मिहिरने मला हलवले, बंद करून पुन्हा चालू केले, एक शिवी दिली. सुनंदाबाईंच्या हातातले पेन तसेच राहिले. “एकच वाक्य होतं रे,” त्या म्हणाल्या. “यांच्या आईचं शेवटचं एकच वाक्य होतं.”

रुक्मिणीबाईंनी मला उचलले आणि पलंगावर पालथे टाकले.

“त्याका कित्याक इचारतंस?” त्या म्हणाल्या. “मी थयच होतंय. अनंतो अठरा वर्सांचो. डोक्यार ट्रंक. आवस गडग्यार हात ठेवून उभी. ती म्हणाली, ‘पावलंस की कागद धाड.’ लिही. पावलंस की कागद धाड. रडाक नाय ती. तो वळणार दिसनासो होईसर उभी रवली, आणि मगे माका म्हणाली, चल, चुलीर भात आसा. पण ता अनंताक मायत नाय. ता मी त्याका कधी सांगूकच नाय.”

सुनंदाबाई लिहीत होत्या. भाताचेही लिहिले. पुस्तकात नव्हते तेही आता पुस्तकात आले.

लिहून झाल्यावर रुक्मिणीबाईंनी माझ्याकडे बोट दाखवले. “शब्द आवशीचो. सांगलंय मी. लिवलो माझ्या भावान. आणि कुलूप ह्या मेल्याचा?”



स्टेशनजवळच्या दुकानात त्या वहीच्या झेरॉक्स निघाल्या. पहिली जयंतीबाईंनी नेली आणि वाचून त्यांच्या बहिणीला दिली. एक घाटकोपरला रुक्मिणीबाईंच्या चाळीत गेली, तिथून ती मालवणला पोचली असे ऐकतो. सध्या कोणती प्रत कोणाकडे आहे हे सुनंदाबाईंना सांगता येत नाही, आणि त्याची त्यांना काळजीही नाही.

माझे खाकी कव्हर सुनंदाबाईंनी काढून घेतले आणि मला सोसायटीच्या ई-कचऱ्याच्या खोक्यात टाकले. योग्यच केले. मित्रांनो, माझ्यासाठी हळहळू नका. फक्त पुढच्या वेळी बटणावर ‘विकत घ्या’ दिसले की हात आवरा आणि विचारा, हे मला शेजारणीला देता येईल का, आणि मी गेल्यावर माझ्या माणसांना उघडता येईल का. उत्तर मिळेपर्यंत घरातले हाताने लिहिलेले कागद रद्दीत देऊ नका.

खोक्याचे झाकण पडण्याआधी ती वही मला एकदा दिसली. पुस्तकांत जिथे सर्व हक्क कोणाचे ते छापलेले असते, त्या पानावर सुनंदाबाईंनी आपल्या शाळेच्या अक्षरात लिहिले होते, ‘ज्याला हवे त्याने उतरवून घ्यावे.’ खाली सही सुनंदाबाईंची होती, आणि तिच्या शेजारी रुक्मिणीबाईंनी, सहीपुरत्या येणाऱ्या अक्षरांत, आपले नाव घातले होते.